कॅसाग्रांडे वाटी: मृदा यांत्रिकी शिकू लागलेल्यांसाठी एका जुन्या उपकरणाचे परीक्षण

मृदा यांत्रिकीचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रयोगशाळेत चाळण्या, वजनकाटा आणि ओव्हन यांच्यानंतर बहुधा पहिल्यांदा येते ते लिक्विड लिमिट (माती वाहू लागते त्या सीमेवरचे पाण्याचे प्रमाण) मोजण्याचे उपकरण, म्हणजेच कॅसाग्रांडे वाटी. कठीण रबराचा एक ठोकळा, त्यावर आपटणारी पितळी वाटी, ती उचलून सोडणारा कॅम, कॅम फिरवणारे हँडल आणि बहुतेक नमुन्यांत ठोके मोजणारा काउंटर, एवढाच या यंत्राचा पसारा आहे. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नसून हाताने फिरवायच्या या प्रकारच्या संचाचे आहे. भूतांत्रिक अभियांत्रिकीची पहिली ओळख करून घेणाऱ्याला त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. मोजमापाचे साधन म्हणून ही वाटी लहरी आहे आणि तिच्याहून भरवशाचे उपकरण उपलब्ध आहे. शिकण्याचे साधन म्हणून मात्र मी आजही तिलाच पहिली पसंती देईन, आणि या पसंतीचे कारण बऱ्याच अंशी तिच्या लहरीपणातच आहे.

चिकणमातीत पाणी वाढत गेले की ती आधी कडक, मग मळता येण्याजोगी आणि शेवटी वाहणारी होते, हे कोणालाही ठाऊक असते. या अवस्थांमधल्या सीमा आकड्यांत बांधण्याचे काम स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट अॅटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास केले. त्यांचा हेतू शेतजमिनीच्या वर्गीकरणाचा होता, आणि त्यांची पद्धत बशीतल्या ओल्या मातीत खाच पाडून बशी हातावर आपटण्याची होती. आपटणे कोणाचे जोरकस तर कोणाचे हलके, त्यामुळे दोन माणसांचे आकडे जुळणे अवघड होते. मृदा यांत्रिकीचा पाया घालणारे कार्ल टेर्झागी यांचे सहकारी आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३२ मध्ये या आपटण्याला यंत्राचे रूप दिले. वाटी दर वेळी १० मिलिमीटर उंचीवरून पडेल, एका सेकंदात दोन ठोके बसतील, खाच ठरावीक हत्यारानेच पाडली जाईल आणि २५ ठोक्यांत ती तळाशी सुमारे १३ मिलिमीटर लांबीत मिटली तर त्या वेळी मातीत असलेले पाण्याचे प्रमाण (कोरड्या मातीच्या वजनाच्या टक्क्यांत) म्हणजे लिक्विड लिमिट, असा करार त्यांनी ठरवला. काही देशांच्या मानकांत मिटण्याची लांबी १२ मिलिमीटर धरतात. ‘करार’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण २५ या आकड्यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून एकजीव करायची, वाटीत पसरून मधोमध खाच पाडायची, हँडल फिरवायचे, ठोके मोजायचे आणि खाच जिथे मिटली तिथली माती डबीत घेऊन वजन करून १०५ ते ११० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवायची, ही कृती ऐकायला सोपी आहे. तिच्यातले पहिले अवघड पाऊल कालवण्याचे असते. जास्त चिकट मातीत पाणी सर्व कणांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून कालवलेली माती झाकून रात्रभर मुरू देणे आवश्यक ठरते. घाईने केलेल्या प्रयोगात पहिल्या आणि तिसऱ्या वाचनाच्या दरम्यान मातीच बदलत असते, आणि मग आलेखावरचे बिंदू एका रेषेत बसत नाहीत. सोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत या मुरवण्याचा उल्लेख अनेकदा नसतो. माती आधी ओव्हनमध्ये वाळवून मग भिजवू नये, हेही त्यांत क्वचितच सांगितलेले असते. हॅलॉयसाइटसारखी खनिजे किंवा सेंद्रिय पदार्थ असलेली माती एकदा कडक वाळली की पुन्हा पूर्वीइतके पाणी धरत नाही, आणि लिक्विड लिमिट खरे असते त्याहून बरेच खाली येते. संचासोबतचा कागद कृती सांगतो आणि कारण गाळतो, ही या उत्पादनाबद्दलची माझी पहिली तक्रार आहे. शिकणाऱ्याला कारणाची गरज कृतीहून अधिक असते.

खाच मिटताना जे दिसते ते पाहण्यासाठी हँडलची गती सांभाळत मान खाली घालून बसावे लागते, आणि हे पाहणे हाच या उपकरणाचा खरा लाभ आहे. खाचेच्या दोन्ही बाजू म्हणजे आठ मिलिमीटर उंचीचे दोन छोटे उतार असतात. प्रत्येक ठोक्याला त्यांच्यावर क्षणभर जादा भार येतो, मातीची कर्तनशक्ती, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा तिचा विरोध, त्याला अपुरी पडते, आणि उतारांचे पायथे थोडे थोडे पुढे सरकून एकमेकांना भेटतात. विद्यार्थी पुढे ज्याला उताराची स्थिरता म्हणून शिकणार असतो, तो विषय त्याच्या डोळ्यांदेखत वाटीत घडत असतो. लिक्विड लिमिटला मातीची कर्तनशक्ती साधारण २ किलोपास्कलच्या आसपास असते, म्हणजे शून्याच्या जवळ असली तरी शून्य नसते. ‘लिक्विड’ या नावावरून माती तिथे पाण्यासारखी होते असा समज होतो. वाटीतली माती तो समज लगेच दूर करते.

मिटण्याचे प्रकारही दोन आहेत, आणि त्यांतला फरक ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. चिकणमाती वाहत येऊन खाच भरते. गाळमातीचे मात्र असे होते की तिचा अख्खा थर पितळेवरून घसरतो, किंवा खाच पाडतानाच कडा फाटतात, किंवा ठोक्यांनी वर पाणी सुटून पृष्ठभाग चकाकू लागतो. असे झाले की आलेला आकडा टाकून द्यावा लागतो, आणि कधी कधी ही माती सुघट्य (मळून आकार देता येण्याजोगी) नाही अशीच नोंद करावी लागते. प्रयोगाने उत्तर न देणे हेही एक उत्तर असते, हा धडा छापील तक्त्यातून मिळणे कठीण आहे.

उपकरणाच्या घडणीतील गुणदोष आता जरा तपशिलाने पाहतो, कारण निवड करणाऱ्याचा खरा उपयोग इथे आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटीच्या पडण्याची उंची आहे. वाटी जिथे ठोकळ्याला टेकते त्या बिंदूपासून ती १० मिलिमीटर उचलली गेली पाहिजे, आणि हे तपासण्यासाठी खाच पाडण्याच्या हत्याराच्या दुसऱ्या टोकाला बरोबर त्या जाडीचा चौकोनी गेज दिलेला असतो. बिजागरीजवळचे स्क्रू सैल करून वाटी पुढेमागे सरकवता आली आणि पुन्हा आवळल्यावर ती तिथेच राहिली, तर उपकरण चांगले. हलक्या घडणीच्या नमुन्यांत हे स्क्रू ठोक्यांनी हळूहळू सरकतात, बिजागरीत खेळ येतो आणि वाटी बाजूला डुलते. उंची १० ऐवजी ११ मिलिमीटर झाली तर प्रत्येक ठोक्याची ऊर्जा एक दशांशाने वाढते, खाच कमी ठोक्यांत मिटते, आणि लिक्विड लिमिट प्रत्यक्षाहून कमी भरते. विद्यार्थ्यांकडून मुद्दाम उंची बदलून घेऊन तीच माती पुन्हा तपासून घ्यावी, असे मी प्रत्येक शिक्षकाला सुचवेन. एका दुपारीत जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही.

त्यानंतर महत्त्व ठोकळ्याचे. अमेरिकी मानकाप्रमाणे घडवलेला ठोकळा कठीण असतो, ब्रिटिश पद्धतीचा तुलनेने मऊ. मऊ ठोकळा ठोक्याचा काही भाग स्वतःच गिळतो, म्हणून खाच मिटायला अधिक ठोके लागतात आणि त्याच मातीचे लिक्विड लिमिट थोडे जास्त येते. दोन देशांतल्या प्रयोगशाळा एकाच मातीबद्दल प्रामाणिकपणे दोन आकडे सांगू शकतात, आणि दोन्ही आपापल्या करारानुसार बरोबर असतात. ठोकळ्याखालचे रबरी पाय झिजले, उपकरण डुगडुगत्या बाकावर ठेवले किंवा ठोकळ्यावर मातीचा कण राहिला, तरी आकडा हलतो. खरेदी करताना ठोकळ्याचा प्रकार आणि तो कोणत्या मानकाचा आहे हे लिहून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. विक्रेत्यांच्या यादीत ‘मानकानुसार’ एवढाच शब्द असतो, कोणते मानक ते नसते.

खाच पाडण्याचे हत्यार हा संचातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. त्याने पाडलेली खाच तळाशी २ आणि वर ११ मिलिमीटर रुंद असायला हवी. पितळेवर सतत घासून हत्याराचे टोक बोथट होते आणि वाटीच्या तळावरही चरा पडतो. टोक झिजून खाच रुंद झाली तर ठोके वाढतात, आणि असे उपकरण वर्षानुवर्षे वापरात राहिले तर त्याचे आकडे कोणाच्या लक्षात न येता सरकत जातात. जादा हत्यार आणि जादा वाटी मिळत नसेल तर तो संच प्रयोगशाळेसाठी घेऊ नये, इतके स्पष्टपणे मी सांगेन. काउंटर ही सोय आहे, गरज नाही. मोटरवर चालणाऱ्या नमुन्यात ठोक्यांची गती आपोआप राखली जाते, हा व्यावसायिक प्रयोगशाळेसाठी मोठा फायदा आहे. पण खाच मिटण्याच्या नेमक्या क्षणी थांबणे हाताला जसे जमते तसे मोटरला जमत नाही, आणि शिकणाऱ्याचे लक्ष यंत्राकडून बटणाकडे जाते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय लोलकाच्या टिकटिकीवर सहज साधता येते.

वाचने झाल्यावर सेमी-लॉग कागदावर आडव्या लघुगणकी अक्षावर ठोके आणि उभ्या अक्षावर पाण्याचे टक्के मांडून रेषा काढायची आणि २५ ठोक्यांशी जुळणारे प्रमाण वाचायचे. १५ ते ३५ ठोक्यांच्या दरम्यान चार-पाच बिंदू मिळाले की रेषा बहुधा सरळ येते. वेळ नसेल तर एकाच वाचनावरूनही अंदाज काढता येतो, कारण या रेषांचा उतार बऱ्याच मातींत सारखा आढळतो. ठोक्यांना २५ ने भागून आलेल्या संख्येचा ०.१२१ वा घात काढून त्याने पाण्याचे प्रमाण गुणले की झाले. समजा २० ठोक्यांत खाच मिटली आणि पाणी ४६ टक्के निघाले, तर लिक्विड लिमिट सुमारे ४४.८, म्हणजे पूर्णांकात ४५ येते.

संचासोबत बहुधा काचेची पाटी आणि ३ मिलिमीटर जाडीची सळईही मिळते, ती प्लॅस्टिक लिमिटसाठी, म्हणजे माती मळता येण्याजोगी राहते त्या खालच्या सीमेवरचे पाण्याचे प्रमाण काढण्यासाठी. त्या प्रयोगात यंत्र नाहीच. मातीची वात तळहाताने वळत राहायचे आणि ३ मिलिमीटर जाडीला पोचताच ती तुटू लागली की थांबायचे. तो पुरता हाताच्या अंदाजावर चालतो, आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे फारसे नाही.

या दोन आकड्यांतून विद्यार्थ्याला पुढे किती अंतर चालता येते, यावर उपकरणाची खरी किंमत ठरते. वरच्याच मातीचे प्लॅस्टिक लिमिट २२ धरू. दोन्हींतला फरक, म्हणजे सुघट्यता निर्देशांक, २३ झाला. कॅसाग्रांडे यांच्या सुघट्यता आलेखावरील ए-रेषा, म्हणजे चिकणमाती आणि गाळमाती यांना वेगळे करणारी रेषा, लिक्विड लिमिटमधून २० वजा करून ०.७३ ने गुणल्यावर मिळते. ४५ साठी ती १८ च्या जरा वर येते. आपली माती तिच्या वर आहे आणि लिक्विड लिमिट ५० च्या आत आहे, म्हणून ती कमी सुघट्यतेची चिकणमाती ठरते. आता जमिनीत या मातीत प्रत्यक्ष ३४ टक्के पाणी आहे असे समजू. ती दोन सीमांच्या जवळपास मध्यावर आहे, म्हणजे बोटाने दाबली जाणारी. तिच्यावर पूर्वी आजच्याहून जास्त भार कधी आला नसेल, तर लिक्विड लिमिटमधून १० वजा करून ०.००९ ने गुणण्याच्या परिचित सूत्राने संपीड्यता निर्देशांक (दाब वाढल्यावर माती किती आकसते त्याचे माप) ०.३१५ येतो. कणांची सापेक्ष घनता २.७ धरली तर संपृक्त (पोकळ्या पूर्ण पाण्याने भरलेल्या) मातीचे रिक्तता गुणोत्तर, म्हणजे पोकळ्या आणि घन कण यांच्या आकारमानांचे गुणोत्तर, ०.९२ च्या आसपास निघते. चार मीटर जाडीच्या थरावरचा परिणामी दाब (एकूण दाबातून छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर उरणारा) १०० वरून १५० किलोपास्कल झाला, तर थर साधारण साडेअकरा सेंटिमीटर खचेल, असा प्राथमिक अंदाज कागदावर मांडता येतो. आता लिक्विड लिमिटमध्ये तीन टक्के इकडेतिकडे चूक झाली असे गृहीत धरून हीच आकडेमोड केली, तर खचण्याचा अंदाज साडेदहा ते साडेबारा सेंटिमीटरच्या दरम्यान फिरतो. वाटीचा सैल स्क्रू इमारतीच्या पायाखाली कुठपर्यंत पोचतो, हे यातून दिसते. आणि अशा परस्परसंबंधी सूत्रांची स्वतःची अनिश्चितता त्याहून बरीच मोठी असते, हेही त्याच वेळी शिकवता येते.

मातीतली खनिजे ओळखण्यासाठी हे उपकरण अप्रत्यक्षपणे फार उपयोगी पडते. केओलिनाइटच्या एका ग्रॅममधील कणांचे पृष्ठफळ १० ते २० चौरस मीटर असते, तर माँटमोरिलोनाइटचे ८०० चौरस मीटरपर्यंत जाते. इतक्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी वाटीत लगेच जाणवते. केओलिनचे लिक्विड लिमिट अनेकदा पन्नासच्या आसपास येते, माँटमोरिलोनाइट मुख्य असलेल्या सोडियम बेंटोनाइटचे कित्येक शे टक्के. १९५३ मध्ये ब्रिटिश मृदा यांत्रिकी तज्ज्ञ स्केम्प्टन यांनी सुघट्यता निर्देशांकाला मातीतील २ मायक्रॉनहून बारीक कणांच्या टक्केवारीने भागून ‘सक्रियता’ हे माप सुचवले, आणि ते १.२५ च्या वर गेले तर फुगणाऱ्या खनिजाची शंका घ्यावी असा संकेत रूढ झाला. विद्यार्थ्यांना केओलिन आणि बेंटोनाइट यांची दोन भांडी देऊन शेजारी शेजारी प्रयोग करायला लावावा. बेंटोनाइटमध्ये पाणी ओतत राहण्याची वेळ येते तेव्हा फुगीर मातीवरचा धडा अर्धा झालेला असतो.

प्रतिस्पर्ध्याचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण न्याय्य होणार नाही. शंकूच्या पद्धतीत ८० ग्रॅम वजनाचा, ३० अंश कोनाचा गुळगुळीत शंकू मातीच्या पृष्ठभागाला टेकवून पाच सेकंद सोडतात, आणि तो २० मिलिमीटर रुतला की ते पाण्याचे प्रमाण लिक्विड लिमिट मानतात. ब्रिटिश मानकाने हीच पद्धत अधिक पसंतीची ठरवली आहे, आणि ती योग्यच आहे. इथे हँडलची गती नाही, खाच नाही, ठोकळा नाही. शिवाय शंकूचे रुतणे आणि कर्तनशक्ती यांचा संबंध सरळ आहे. शक्ती ही शंकूच्या वजनाला खोलीच्या वर्गाने भागून एका गुणांकाने गुणल्यावर मिळते, आणि २० मिलिमीटरसाठी ती सुमारे १.७ किलोपास्कल येते. वाटीतल्या ठोक्यांबद्दल असे स्वच्छ गणित मांडता येत नाही. ठोक्याला प्रत्येक माती सारखा प्रतिसाद देत नाही, हा दोष स्वतः कॅसाग्रांडे यांनी १९५८ मध्ये आपल्या उपकरणाविषयी लिहिताना मान्य केला होता. मध्यम सुघट्यतेच्या मातीत दोन्ही पद्धतींचे आकडे जुळतात. लिक्विड लिमिट साधारण १०० च्या पलीकडे गेले की वाटीचा आकडा शंकूच्या वर जाऊ लागतो. अहवालात द्यायचा आकडा हवा असेल आणि लागू मानकाची परवानगी असेल, तर मी शंकूच निवडेन. पण शंकूच्या प्रयोगात विद्यार्थी डायलवरचा काटा वाचतो, आणि माती कशी हरली हे त्याला दिसत नाही. दोन्ही उपकरणे शक्य असतील तर वाटी आधी आणि शंकू नंतर, हा क्रम मला बरोबर वाटतो.

मर्यादाही ठळकपणे नोंदवल्या पाहिजेत, कारण या उपकरणाने मृदा यांत्रिकीचा फक्त दरवाजा उघडतो. वाटीत येणारी माती चाळलेली, मळलेली, मूळ रचना मोडलेली असते. जमिनीत हजारो वर्षांत तयार झालेली कणांची ठेवण तिथे पोचतच नाही. नॉर्वेतील रिसा इथे २९ एप्रिल १९७८ रोजी तळ्याच्या काठावर टाकलेल्या मातीच्या भरावाने सुरू झालेले भूस्खलन पसरत जाऊन पन्नास लाख घनमीटरहून अधिक जमीन सरकली. ती संवेदनशील क्विक क्ले होती. समुद्रात साचलेल्या अशा मातीतले मीठ गोड्या पाण्याने धुऊन गेले की तिचे लिक्विड लिमिट खाली येते, पण जुनी रचना टिकून असल्याने जमिनीतले पाणी तेवढेच राहते आणि लिक्विड लिमिटहून जास्त ठरते. रचना शाबूत असेपर्यंत ती उभी राहते, आणि मोडताच वाहते. वाटी या मातीबद्दल इशारा देऊ शकते, मात्र तिच्या आकड्याशेजारी जमिनीतल्या पाण्याचा आकडा ठेवून पाहणारा कोणी हवा. छिद्रजलदाब आणि परिणामी दाब, म्हणजे टेर्झागींनी या शास्त्राला दिलेला पाया, वाटीत मोजता येत नाही. त्यासाठी दृढीकरणाचा प्रयोग (भाराखाली पाणी निघून माती आकसताना मोजण्याचा) आणि पुढे ट्रायअॅक्सियल उपकरण (नमुन्याला सर्व बाजूंनी दाबून त्याची शक्ती मोजणारे) यांच्याकडेच जावे लागते. वाळूसाठी तर हा संच निरुपयोगीच आहे.

ज्या विभागाला सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी संच निवडायचा आहे, त्याने हाताने फिरवायचा, जड ठोकळ्याचा, पक्क्या बिजागरीचा नमुना घ्यावा. दोन जादा हत्यारे आणि एक जादा वाटी सोबत मागावी, ठोकळ्याचे मानक लेखी घ्यावे, आणि संच हाती आल्यावर पहिल्याच दिवशी गेजने उंची तपासून ती तारखेसह नोंदवहीत लिहावी. वापरानंतर वाटी धुऊन कोरडी ठेवावी आणि कॅमला तेलाचा थेंब द्यावा. माहितीपत्रकाच्या जागी शिक्षकाने स्वतः दोन पाने लिहून काढावीत, ज्यांत माती का मुरवायची, आधी का वाळवायची नाही आणि घसरून मिटलेली खाच का मोजायची नाही हे सांगितलेले असेल.